पासवर्ड काय आहे रे?

आधीच सांगून ठेवते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या तक्रारी संपादकांकडे द्याव्यात. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे, वायफायचा.

मे महिन्यात नाशिकला मामाकडे गेले होते. मामाचं टॅक्स आणि ऑडिटचं ऑफिस, दोन खोल्या, नऊ माणसं. राउटरवर सेलोटेपने लावलेला कागद आणि त्यावर पासवर्ड, म्हणजे ऑफिसचं नाव आणि पुढे १२३. मी विचारलं, "मामा, हा कधी बदललास?"

"अगं, बदलला की सगळ्यांचे फोन, लॅपटॉप, प्रिंटर परत जोडत बसायचं. कोण करणार, तू?"

दोन वर्षांपूर्वी भांडून नोकरी सोडलेला एक मुलगा खालच्या टपरीवर रोज चहाला येतो म्हणे. त्याचा मोबाईल अजून आपोआप जोडला जात असणार! आणि मामाच्या क्लायंट्सचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं त्याच नेटवर्कवर.

आता कोणी म्हणेल, एन्क्रिप्शन नव्हतं का? होतं की, डब्ल्यूपीए-टू. लोकांना वाटतं राउटरच्या यादीतला नवा पर्याय निवडला की झालं. ते निम्मंच खरं. जुना पर्याय वाईट हे मान्य. डब्ल्यूईपी १९९७ मध्ये आलं आणि २००१ मध्ये फ्लुरर, मांटिन आणि शमीर यांनी त्याचं कंबरडं मोडलं. तरी अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीने ते चालू ठेवलं. २००५ मध्ये चोर तिथून शिरले आणि किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे तपशील गेले. आपल्याकडे तर २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या आधीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका फ्लॅटच्या उघड्या वायफायवरून गेला होता. ज्याचं वायफाय, तो चौकशीत अडकला. पुढच्याच महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेला. कॉलेजच्या, बरं का!

पण माझा मुद्दा वेगळा आहे. सगळ्यांना एकच पासवर्ड ही पद्धत घरासाठी आहे, ऑफिससाठी नाही. डब्ल्यूपीए-टू मध्ये ज्याला तो पासवर्ड माहीत आहे, त्याने तुमचा फोन जोडला जाताना झालेली देवाणघेवाण पकडली, तर तो तुमचा डेटा उलगडू शकतो. २०१८ च्या डब्ल्यूपीए-थ्रीने ही फट बुजवली. तरी सोडून गेलेल्या माणसाच्या खिशातली किल्ली काही परत येत नाही.

त्यावर उपाय म्हणजे एंटरप्राइझ मोड. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड, तपासायला मागे एक रेडियस सर्व्हर. फ्रीरेडियस फुकट मिळतं आणि जुन्या पीसीवर मजेत चालतं. राउटरमध्ये मात्र ती सोय हवी, सगळ्यांत नसते, घेताना विचारावं. खरी मेहनत सर्टिफिकेटची. फोनमध्ये ते नीट न घालता तपासणी बंद ठेवली, की तुमच्याच नेटवर्कचं नाव लावून बसलेल्या भामट्यालाही फोन पासवर्ड सांगायला जातो. आमचा अख्खा शनिवार त्यातच गेला. एका प्रिंटरला हे काही कळेना, त्याला सरळ केबल लावली. क्लायंट्ससाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं. मामा दिवसभर कुरकुरत होता.

आमच्या विंगमधली एक विदुषी म्हणते, आता सगळं एचटीटीपीएस आहे, वायफायचं एवढं काय? वेबसाइट्सपुरतं बरोबर आहे तिचं. पण शेअर केलेलं फोल्डर, प्रिंटर, राउटरचं लॉगिन पान, ही मंडळी घराच्या आतली. त्यांना कोण विचारतं!

जुलैत मामाकडची एक मुलगी नोकरी सोडून गेली. मामाचा फोन आला, "अगं, हिचं नाव कसं काढायचं?" दोन मिनिटांचं काम होतं. बाकी आठ जणांना कळलंसुद्धा नाही.

इकडे आमच्या हॉस्टेलचा पासवर्ड दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या सीनियर्सना अजून पाठ आहे, आणि कॉलेजच्या ऑफिसचा मेसच्या पोऱ्यालाही. सिस्टीमवाल्या सरांनी स्टोअररूममधला एक जुना पीसी द्यावा. रविवारी आम्ही चौघीजणी येतो. चहा आमचा.