कडी-कुलपाचा उपचार



हातभट्टीविषयी आपणांस नव्याने सांगावे असे काही उरलेले नाही. २००४ साली याच विक्रोळीत विषारी दारूने ८७ माणसे नेली, २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक गेली, आणि दोन्ही खेपांस धाडी, पंचनामे व हळहळ यांचे विधी यथासांग पार पडले, हे आपण जाणताच. भट्टीवाल्याला शिव्या देण्यासाठी कागद खर्ची घालण्याचे प्रयोजन नाही. हे पत्रक काढणे भाग पडले ते आमच्या वसाहतीतील एका मृत्यूमुळे. सकाळी तोंड धुण्यापूर्वी ज्याला घोट लागे अशा एका गृहस्थास चार वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावण्यात आली. संध्याकाळी त्याच्या कपातला चहा बशीत सांडू लागला. रात्री तो अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झाडू लागला. त्याच्या हाकांना 'नाटकं करतोय' एवढेच उत्तर मिळाले. दुसरा दिवस मावळण्याआधी फिटवर फिट आली, आणि कडी निघेपर्यंत सारा कारभार आटोपला होता.

कोंडून ठेवले की व्यसन सुटते, ही समजूत आपल्या वस्त्यांत इतकी रुजलेली आहे की तिला उपचार म्हणण्यास कोणाची जीभ अडखळत नाही. म्हणून त्या खोलीत मेंदूचे काय होते ते शांतपणे ऐकावे. मेंदूत 'गाबा' नावाचे द्रव्य मज्जापेशींना आवरते व 'ग्लुटामेट' त्यांना चेतवते. दारू पहिल्याचा जोर वाढवते व दुसऱ्याला दाबते. वर्षानुवर्षे हे चालले की मेंदू तोल सांभाळण्यासाठी आवरणारी बाजू सैल करतो आणि चेतवणारी बळकट करतो. रस्सीखेचीत एका पक्षाने एकाएकी दोर सोडून द्यावा तशी गत दारू तोडताच होते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, ज्वर आणि नाडीचा बेफाम वेग यांनी युक्त असा तो कंपोन्माद जडू शकतो, ज्यात योग्य औषधे मिळाल्यास शंभरांत पाचांहूनही कमी रोगी दगावतात आणि न मिळाल्यास किती दगावतात याची चौकशी कडी लावणाऱ्यांनी कधी केलेली नाही. ही औषधे म्हणजे दवाखान्यात मिळणाऱ्या, मोजून कमी करत नेण्याच्या शामक गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन. आपण देतो लिंबू-सरबत आणि शपथ.

'आमच्या गावचे अमुक तमुक माळ घालून एका दिवसात सुटले,' हा दाखला आम्हांस दर सभेत ऐकावा लागतो. सुटले असतील, त्यांचा आनंद आहे. जे खोलीतच गेले ते दाखला द्यायला येत नाहीत, एवढी अडचण आहे.

गर्दची, म्हणजे अशुद्ध हेरॉइनची, गोष्ट निराळी आणि अधिक दगाबाज. गर्दुल्ल्यांच्या बोलीतली 'टर्की', म्हणजे हाडे फोडणारी वेदना, जुलाब, डोळ्यांना धारा, सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो सुटकेनंतर. कोंडलेल्या दिवसांत शरीराची सवय ओसरते, पण नेहमीच्या पुडीचे माप हाताला पाठ असते, आणि तेच माप आता श्वास थांबवते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्यांची नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली: पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका सामान्य रहिवाशांच्या १२९ पट. तिथे तर सरकारी कुलूप होते, आणि तेही उत्तम प्रतीचे.

'पण सहा महिने चांगला राहिला आणि पुन्हा प्यालाच ना, जात्याच नालायक!' असे म्हणणाऱ्या सद्गृहस्थांनी क्षणभर बसावे. शरीरातून दारू एक-दोन दिवसांत जाते. गुत्त्याचे वळण, पगाराचा दिवस, स्टेशनबाहेरच्या त्या बाकड्यावरचा मित्र, यांच्याशी मेंदूतील डोपामिनने बांधलेली गाठ राहते, आणि उंदरांवरील प्रयोगांत तर असे दिसले आहे की नशा तोडल्यानंतरचे काही आठवडे अशा खुणांनी चाळवणारी ओढ कमी न होता वाढत जाते. व्हिएतनामात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन शिपायांपैकी बहुतेक मायदेशी परतल्यावर त्या खुणांतून सुटले आणि व्यसनातूनही सुटले. आपण माणसाला कोंडतो आणि सोडतो ते नेमके त्याच गल्लीत. व्यसनींत पुन्हा घसरण्याचे प्रमाण शेकडा ४० ते ६० सांगतात; रक्तदाबाच्या रोग्यांत औषध-पथ्य मोडून दाब पुन्हा चढण्याचे प्रमाण त्याहून कमी नाही. लोणचे खाल्ले म्हणून आजोबांना कोणी मागच्या खोलीत डांबल्याचे ऐकिवात नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने व्यसनजन्य विकार मनोविकारांत गणले आहेत, आणि मनोरुग्णास साखळदंड घालण्यास व एकांतवासात ठेवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, त्याला चार दशके होत आली. म्हणजे मराठी माणसाला दुसरी वाट ठाऊकच नव्हती, ही सबब चालणार नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलासा उपचार लाभतो. उरलेल्या ३७ जणांची तजवीज आपल्या कड्या करतात.

शीव हे धीम्या गाडीने विक्रोळीपासून चौथे स्टेशन, आणि तेथील लोकमान्य टिळक रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. दारू एकाएकी तोडण्याआधी पिणाऱ्यास तेथे न्यावे. तोडल्यावर हात थरथरू लागले असतील तर त्याच तासाला न्यावे. वसाहतीच्या मंडळाने नव्या दरवाजासाठी वर्गणी मागितल्याचे कळले आहे; त्या दरवाजाला बाहेरून कडी बसणार असेल तर आमची वर्गणी मिळणार नाही.