'तुमच्यात मोकळं असतं!'

मी पुण्यात एम.ए. करते. वसतिगृहात माझं नाव ऐकलं की पहिला प्रश्न येतो, 'घरी इंग्रजीच बोलता?' आम्ही नगरकडची मराठी बोलतो. आजी रविवारी नऊवारी नेसून उपासनेला जाते, ना. वा. टिळकांची गीतं गाते. मग दुसरं वाक्य ठरलेलं, 'तुमच्यात बायकांना मोकळं असतं.'

खरंच? १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे होतं. बायकोला मात्र तेवढ्यावर घटस्फोट मिळत नसे. जोडीला क्रूरता, परित्याग असं काही सिद्ध करावं लागे. हा भेद जायला २००१ साल उजाडलं.

जातीचंही तसंच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या धरल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. गावात आमची वस्ती कोणती, हे सगळ्यांना ठाऊक. त्या यादीत मात्र आम्ही नाही.

आपल्या शिबिरांत 'दलित स्त्री' आणि 'अल्पसंख्य स्त्री' अशी वेगवेगळी सत्रं असतात. मी कुठे बसायचं? मोकळं असतं हे गृहीत धरलं, की हुंडा, मारझोड, चर्चच्या कारभारात बायका किती, हे विचारायचंच राहून जातं. पुढच्या शिबिराची सत्रं ठरवताना आम्हालाही बोलवा. आम्हाला बरंच सांगायचं आहे.