अण्वस्त्रांची सोयीस्कर तारीख

१ जानेवारी १९६७ पूर्वी ज्याने अणुस्फोट केला तो अधिकृत अण्वस्त्रधारी. त्यानंतर करील तो अपराधी! अण्वस्त्रप्रसारबंदी कराराची सारी नीतिमत्ता या एका तारखेत सामावली आहे. स्वाक्षरीस नकार देणाऱ्या भारताला जबाबदारीचे धडे देणाऱ्यांचे स्वतःचे वर्तन कसे होते? अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ चाचण्या केल्या त्या पॅसिफिकमधील मार्शल बेटांवर. १ मार्च १९५४ च्या स्फोटाची किरणोत्सारी राख राँगेलाप बेटावर पडली. अजाण मुले तिच्याशी खेळली. रहिवाशांना हलविण्यास दोन दिवस लागले. ब्रिटनने ऑस्ट्रेलियातील आदिवासींची मारलिंगाची भूमी निवडली, तर फ्रान्सने १९६० मध्ये आपला पहिला बॉम्ब अल्जीरियाच्या वाळवंटात फोडला. अमेरिकेने स्वदेशी नेवाडातही चाचण्या केल्या, हे खरे. पण त्या भूमीवरही शोशोनी या मूलनिवासी जमातीचा हक्क सांगितला जातो.

भारताने १९७४ आणि १९९८ मध्ये आपल्याच पोखरणच्या भूगर्भात चाचण्या केल्या. निर्बंध मात्र भारतावर! जसवंतसिंह यांनी १९९८ मध्ये या व्यवस्थेला ‘आण्विक वर्णभेद’ म्हटले ते उगीच नव्हे. चीन कुठे गोरा आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण चीनने १९६४ मध्येच स्फोट उरकला होता. तारखेची रेघ ओढली गेली ती त्यानंतर. आणि कराराच्या सहाव्या कलमातील निःशस्त्रीकरणाचे काय? करार १९७० मध्ये अमलात आला. त्या पाचांपैकी एकानेही आजवर अण्वस्त्रांचा त्याग केलेला नाही.