जेवढा चारा, तेवढ्याच गाई



स्वित्झर्लंड म्हटलं की घड्याळं, बँका अन् बर्फ एवढंच डोळ्यांपुढं येतं. पण सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटरच्या या देशाचा निम्म्याहून अधिक भाग आल्प्सच्या डोंगरांचा. समुद्रकिनारा नाही. डोंगरातला शेतकरी पूर्वी गरीबच. एकोणिसाव्या शतकात हजारो लोक पोटासाठी अमेरिकेला गेले.

तरीही तिथली कुरणं उजाड झाली नाहीत. आल्प्समधल्या टोर्बेल गावानं १५१७ साली नियम केला : हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड, अन् दंड वसूल करणाऱ्याला त्यातला निम्मा वाटा. नियम गावानंच केला, म्हणून गावानं पाळला.

आपलं सामाईक कुरण म्हणजे कॅनॉलचं पाणी. वरच्यानं भरमसाट घेतलं की शेवटच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो. तेव्हा पाणी पुरेल तेवढाच ऊस, असा ठराव पाणीवाटप संस्थांनी करावा आणि मोडणाऱ्याला दंडही करावा. कारखान्याला ऊस हवाच आहे. तरीही आम्ही हे स्पष्ट सांगतो.