मेघांतील नोकरी

नाशिकच्या एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांची कन्या बी. एस्‌सी. झाली असून एका सहकारी बँकेच्या संगणक-विभागांत दोन वर्षें काम करीत आहे. ‘क्लाउड सिक्युरिटी’ या विषयांत शिरावें, त्यासाठीं नोकरी सोडून सहा महिन्यांचा एक वर्ग करावा, असें तिच्या मनानें घेतलें आहे. वर्गाची फी अडीच लाख रुपये. ‘तिच्या लग्नासाठीं ठेवलेली ठेव मोडावी लागेल. तिचे वडील हयात नाहींत. सल्ला कोणास विचारावा?’ असें त्या लिहितात. आम्हीं दोन दिवस उत्तर लिहिलें नाहीं; दुसऱ्याच्या ठेवीविषयीं घाईनें मत देणें बरें नव्हे.

हा मेघ नांवाचाच आकाशांतला आहे. वस्तु जमिनीवरच आहे. मोठमोठ्या इमारतींत हजारों संगणक गार हवेंत मांडून ठेवावयाचे आणि त्यांची शक्ति गिऱ्हाइकांस तासाच्या हिशेबानें भाड्यानें द्यावयाची, असा हा धंदा. अमेझॉननें तो २००६ सालीं सुरू केला. मायक्रोसॉफ्टचें केंद्र पुण्यास २०१५ सालीं आणि अमेझॉनचें मुंबईस २०१६ सालीं उघडलें. तेव्हां ज्यास आपण मेघ म्हणतों, तो कदाचित् आपल्याच शहराच्या वेशीवर उभा असेल!

या व्यवहारांत एक कलम मात्र नीट समजून घ्यावयास हवें. इमारत, वीज आणि यंत्रें यांचें रक्षण मालक करतो. पण भाडेकरूनें आपल्या खोलीस कुलूप लावलें कीं नाहीं, हें मालक पाहात नाहीं. तें कुलूप लावणारा आणि किल्ल्यांचा हिशेब ठेवणारा जो, त्याचीच ही नोकरी.

२०१९ सालीं अमेरिकेंतील कॅपिटल वन या बँकेचें जें झालें, तें या कन्येनें मुद्दाम अभ्यासावें, कारण ती स्वतः बँकेंत आहे. त्या बँकेनें आपली माहिती अमेझॉनच्या मेघांत ठेविली होती. दाराशीं पहारेकरी म्हणून नेमलेल्या प्रणालीची मांडणी चुकलेली होती. त्यामुळें बाहेरच्या व्यक्तीस त्या पहारेकऱ्याकडूनच आंतला एक निरोप विचारवितां आला, आणि उत्तरादाखल तात्पुरत्या किल्ल्या हातीं आल्या. एवढ्यानेंही मोठा अनर्थ झाला नसता. परंतु पहारेकऱ्याच्या त्या किल्ल्यांनीं माहितीचीं कोठारेंही उघडत होतीं! अमेरिकेंतील सुमारें १० कोटी आणि कॅनडांतील सुमारें ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. पुढें २०२० सालीं सरकारी नियंत्रकानें बँकेस ८ कोटी डॉलर दंड केला. आमच्या आजीनें वाटीभर डाळ काढावयास कोणास कोठींत पाठविलें, तर कोठीचीच किल्ली सोडून दिली असती. तिजोरीच्या किल्लीसकट सारा जुडगा दिला नसता. या विद्येचा अर्धा भाग एवढाच आहे, आणि मोठमोठ्या कचेऱ्यांत तोच पाळला जात नाहीं.

मग शिकावें काय? प्रथम लिनक्स, मग एक संगणक दुसऱ्याशीं कसा बोलतो, पत्ता कसा शोधतो, गुप्त संभाषण कसें करतो, तें, आणि पायथॉनसारखी एक भाषा. त्यानंतर कोणताही एकच मेघ धरावा व त्यांतील परवानग्या, नोंदी आणि सांकेतिकीकरण हीं तीन अंगें हातानें करून पाहावीं. तिन्ही मेघ एकदम शिकवूं म्हणणाऱ्या वर्गाविषयीं आम्हांस तरी संशय वाटतो. या प्राथमिक विषयांचीं पुस्तकें व पाठ अल्प खर्चांत मिळतात. अडीच लाख त्यांस लागत नाहींत.

अभ्यासांत सावधगिरी मात्र हवी. आमच्या भाच्यानें शिकतां शिकतां आपल्या खात्याची गुप्त किल्ली चुकून सार्वजनिक ठिकाणीं ठेवलेल्या कार्यक्रमांत लिहिली. अशा किल्ल्या शोधीत फिरणारीं यंत्रें असतात; सकाळीं तो उठला तों त्याच्या नांवावर पस्तीस हजारांचें भाडें चढलें होतें. त्याच्या वडिलांनीं तें मुकाट्यानें भरलें, पण जेवतांना आठ दिवस कोणी बोललें नाहीं. खर्चाची सूचना देणारी घंटा पहिल्याच दिवशीं लावावी. आणि ती घंटा फक्त वाजते, खर्च थांबवीत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

प्रमाणपत्रांविषयीं थोडेंच लिहितों. तीं निरुपयोगी नाहींत. अर्ज पहिल्या चाळणींतून जावयास उपयोगी पडतात. परंतु अमेझॉनचें प्रमाणपत्र तीन वर्षांनीं नवें करावें लागतें, आणि सी-आय-एस-एस-पी ही मान्यवर पदवी पूर्णपणें मिळण्यास साधारणतः पांच वर्षांचा अनुभव लागतो. सहा महिन्यांत ‘तज्ज्ञ’ करूं म्हणणाऱ्यांनीं ही अट जाहिरातींत छापलेली आम्हीं पाहिली नाहीं.

रात्रीच्या पाळीचाही विचार मातोश्रींनीं करावा. २०२२ च्या एप्रिलांत निघालेल्या सरकारी आदेशान्वयें असा घाला लक्षांत आल्यापासून सहा तासांच्या आंत सर्ट-इन या सरकारी संस्थेस कळवावें लागतें. तेव्हां पहांटे तीन वाजतां फोन येणें या धंद्यांत नवलाचें नाहीं. मुलगी जागी होऊन काम करूं लागेल, तेव्हां घरांतल्यांनीं कपाळास आठ्या घालूं नयेत.

आमचें मत असें, कीं मुलीची आवड खरी आहे. तिला थांबवूं नये. पण नोकरी सोडूं नये आणि ठेवही मोडूं नये. बँकेंतील हिशेब-तपासणी, कोणाची सही कोठवर चालते याचे नियम, हें सारें तिला ठाऊक आहे. निव्वळ वर्गांतून आलेल्यास तें ठाऊक नसतें. रोज दीड तास याप्रमाणें एक वर्ष अभ्यास करावा, आणि आपल्याच विभागाच्या प्रमुखांकडे परवानग्यांच्या तपासणीचें काम मागून घ्यावें. वर्षअखेरीस परीक्षेची फी तिनें आपल्या पगारांतून भरावी. मागितलेलें काम प्रमुखांनीं दिलें नाहीं, तर आम्हांस पुन्हां लिहावें. तेव्हां नोकरी बदलण्याचा प्रश्न निराळ्या रीतीनें पाहतां येईल.