कर्जमाफी आणि बांधबंदिस्ती

ऋणको शेतकरी असो वा राष्ट्र असो, कर्ज उतरलें म्हणजे तो तरला असें नव्हे. २०२० सालीं आफ्रिकेंतील झांबिया व २०२२ सालीं श्रीलंका यांस परदेशी कर्जाचे हप्ते थांबवावे लागले. अशा राष्ट्रांस द्यावयाची सूट माती, पाणी व अरण्य यांच्या रक्षणाशीं जोडावी, असा विचार आतां पुढें येत आहे. मध्य अमेरिकेंतील बेलीझ या लहानशा देशानें २०२१ सालीं नवें कर्ज काढून आपले जुने रोखे डॉलरमागें ५५ सेंट भावानें परत घेतले, आणि आपल्या समुद्राचा ३० टक्के भाग राखण्याचें वचन दिलें.

हाच न्याय आपल्या हिंगोली जिल्ह्यास लावून पहावा. २००८ सालीं केंद्र सरकारनें, आणि २०१७ व २०१९ सालीं राज्य सरकारनें कर्जमाफी दिली. बुडत्यास हात दिला हें योग्यच झालें. परंतु अकरा वर्षांत तीन वेळां तीच पाळी कां यावी? खातें कोरें झालें. शेत मात्र होतें तसेंच राहिलें. पहिल्या दांडग्या पावसांत माती ओढ्यास जाते, पुढें उघाड पडते, सोयाबीन वाळतें आणि खातेदार पुन्हां सोसायटीच्या दारीं उभा राहतो. प्रस्तुत लेखकाची नोकरी पैसेवारीचे कागद लिहिण्यांत गेली. त्याच त्या गांवांची पैसेवारी पन्नासांच्या आंत लिहितांना हा प्रश्न वारंवार मनांत येई.

आपला मुलूख निजामाच्या अंमलाखालीं असतां, शेजारच्या इंग्रजी मुलखांत १८७९ सालीं दक्षिणेंतील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १८८३ सालीं विहिरी व बांध यांकरितां तगाई देण्याचा. हीं दोन्ही अंगें एकाच रोगाच्या उपचाराचीं होत. आज तीं दुरावलीं आहेत. जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ सालीं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत आपला जिल्हाही होता. पण माफीची यादी एका कचेरींत व शेततळ्याची दुसरींत.

आमची सूचना इतकीच कीं, ज्या गटाचें कर्ज माफ होईल त्या गटावर दोन वर्षांच्या आंत सरकारी खर्चानें बांधबंदिस्ती अथवा शेततळें व्हावें. माफी मात्र त्यासाठीं अडवूं नये. अट घातली तर गरीब आधीं गळेल. ज्यांनीं वेळेवर कर्ज फेडलें त्यांसही हें काम मिळावें, म्हणजे प्रामाणिकपणाचा दंड भरल्याचें त्यांचें दुःख कांहींसें कमी होईल.

आणि शेतकरी बंधूंनीं आपलेंही कर्तव्य ओळखावें. घातलेला बांध दरवर्षीं नांगरानें कोरून दोन तास वाढविणारा मनुष्य सरकारास कोणत्या तोंडानें दोष देईल?