मुलांना काही होत नाही!

"मुलांना काही होत नाही!" कोरोनाच्या साथीत या वाक्याइतके तोंडी बसलेले दुसरे वाक्य नसेल. ते मीही म्हटले आहे, आणि एकदा नव्हे. तेव्हा या लेखातला पहिला आरोपी मीच आहे, हे आधी कबूल करून टाकतो.

वाक्य निखालस खोटे होते असे नाही. आजोबांना धाप लागलेली, बाबा अंथरुणाला खिळलेले आणि पाच वर्षांचे शेंडेफळ नाक पुसत घरभर हुंदडते आहे, असे दृश्य पुष्कळ घरांनी पाहिले. बहुतेक मुलांवर हा आजार दोन दिवसांचा ताप, सर्दी-खोकला किंवा थोडे जुलाब यांवर निभावला. कित्येकांना तर तेवढेही झाले नाही. मुलांच्या नाकातली पहिली संरक्षक फळी अधिक तत्पर असते, असे एक कारण शास्त्रज्ञ देतात. हे सारे मान्य. माझे भांडण 'बहुतेक' या शब्दाशी नाही. तो शब्द सोयिस्करपणे गिळून टाकणारांशी आहे.

आमच्या शेजारी सात वर्षांचा एक मुलगा आहे. २०२० च्या सप्टेंबरात त्याच्या आजोबांना कोरोना झाला. मुलाला एक दिवस कणकण आली आणि गेली. "बघा, मुलांना काही होत नाही," असे मी गॅलरीतून ओरडून सांगितले. चार आठवड्यांनी त्याला सणकून ताप भरला. पोटात दुखू लागले, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ उठले. आजीने हिंग-ओवा दिला. एका डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका घेतली. तिसऱ्या दिवशी इस्पितळात कळले, की पोराच्या हृदयाची ताकदच घटली आहे.

हा विकार तोवर अज्ञात राहिलेला नव्हता. एप्रिल २०२० मध्येच इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याविषयी धोक्याची घंटा वाजवली होती. त्याच वर्षी मुंबईतही असे रुग्ण आढळले. एमआयएस-सी हे त्याचे नाव. संसर्ग ओसरल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची संरक्षक यंत्रणाच बिथरते आणि हृदय, आतडी, त्वचा अशा अनेक ठिकाणी दाह माजवते. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेल्या आजाराशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. मूळ संसर्ग इतका सौम्य असू शकतो, की घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. वेळेवर ओळखला तर स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन यांनी बहुतेक मुले बरी होतात. विषाणूच्या पुढच्या अवतारांत हा विकार पुष्कळच विरळ झाला, ही समाधानाची गोष्ट. पण ज्याच्या घरी तो आला, त्याला 'विरळ' या शब्दाने कसला दिलासा मिळणार?

आणि विरळ म्हणजे तरी किती? २०२१ च्या जून-जुलैत देशभर रक्ततपासणी झाली, तेव्हा ६ ते १७ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत या विषाणूची प्रतिपिंडे सापडली. कोट्यवधी मुलांपर्यंत पोचलेल्या रोगात क्वचित घडणारी गोष्टही थोड्याथोडक्या घरांत घडत नसते.

आता दुसरा प्रश्न. मुलांना काही होत नाही, तर शाळा कोणासाठी बंद होत्या? महाराष्ट्रात दारूची दुकाने मे २०२० मध्ये उघडू लागली. हॉटेले ५ ऑक्टोबरला उघडली. देवळे १६ नोव्हेंबरला, ऐन पाडव्याच्या मुहूर्तावर उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलपे लागली, हे खरे. पण शहरांतल्या पहिली ते चौथीच्या वर्गांचे दार पहिल्यांदा उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत पुन्हा लागले! आरंभी रोगच अनोळखी होता, शाळा मिटल्या यात गैर काही नव्हते. मुलांमुळे रोग म्हाताऱ्यांपर्यंत पोचेल ही भीतीही रास्त होती. पण मग तसे स्पष्ट म्हणायचे होते, की बाळांनो, तुम्ही आमच्यासाठी घरात बसा. आम्ही म्हणालो, तुमच्याच भल्यासाठी बसा. ही लबाडी होती.

तिसरी तऱ्हा तर याहून न्यारी. २०२१ च्या उन्हाळ्यात हाकाटी झाली, की तिसरी लाट मुलांवरच येणार! मुलांसाठी कक्ष उभे राहिले, आया धास्तावल्या. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, पण ती मुलांना निवडून त्यांच्यावर तुटून पडली नाही. हाकाटी विरली आणि तिच्याबरोबर मुलांच्या प्रकृतीचा विषयही विरला. आम्ही मुलाला कधी अभेद्य मानले, कधी रोगाचा वाहक ठरवले, कधी भीतीचे बाहुले केले. रोगी म्हणून त्याची विचारपूस करायची तेवढी राहिली.

काही मुलांना संसर्गानंतर आठवडेच्या आठवडे, क्वचित महिनोन् महिने थकवा, डोकेदुखी, झोपमोड, अभ्यासात लक्ष न लागणे असा त्रास होतो. अशी मुले किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे, आणि तो दाखवणारी रक्ताची एकच एक चाचणी नाही. म्हणूनच मुलाचा शब्द हाच पुरावा मानायला हवा. आपण त्याला काय म्हणतो? सबबी सांगतो! मोबाइलने आळशी झाला आहे!

आमचा तो शेजारचा मुलगा त्या वर्षी दिवाळीपूर्वी घरी आला. बाकीची पोरे अंगणात धावत होती. हा पायरीवर बसून हातातली फुलबाजी विझेपर्यंत पाहत होता. मी जाता जाता म्हणालो, "अरे ऊठ की, म्हातारा झालास का?" तो काही बोलला नाही. आतून त्याची आई म्हणाली, "काका, डॉक्टरांनी त्याला काही महिने धावू नको म्हणून सांगितलंय."

या दिवाळीतही एखाद्या पायरीवर असे एखादे मूल बसलेले असेल. त्याला हटकण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसा आणि काय होते आहे, ते विचारा.